बबनच्या मक्यातला उडीद

किस्से गोळा करावे लागत न्हाईत. चाकणच्या कंपन्यांच्या भिंतींमागं शेत करणारे आता आमी मोजकेच उरलोय. संध्याकाळी बांधावर टेकलं की एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं लागतं आणि ढीग होतो. यंदाचा ढीग सगळा शेजारच्या बबनच्या रानातला हाय.

बबनचा पोरगा संतोष कंपनीत शिफ्ट करतो. ट्रेलर उभे करायला रान द्या म्हणून एक जण त्यांच्या दारात सारखा येई. शेवटी संतोष बापाला म्हणाला, "एवढा हंगाम बघू. काय पिकलं तर ठीक, न्हाईतर पार्किंगला देऊन टाकू."

"मग मक्यात उडीद घालतो," बबन म्हणाला.

मी म्हणालो, "बबन्या, एका ताटात दोघं बसवलेस की दोघंही उपाशी उठतील."

"भावंडं न्हाई का जेवत, आण्णा?"

*

दोन ओळी मका, दोन ओळी उडीद, अशी पेरणी झाली. खुरपायला परभणीकडची बाई आली. तिला बबनची बायको, कमळवहिनी, कौतुकानं सांगायला गेली, "उडीद रान झाकतो बघ. तण कमी. तुझं काम वाचलं."

बाई म्हणाली, "माझं काम नका वाचवू, ताई. त्याच्यावर घर चालतंय."

*

तरी तण आलंच. संतोष रात्रपाळी करून आला. बापाला बरं वाटावं म्हणून झोपायच्या आधी पंप पाठीवर घेतला, दुकानातनं आणलेलं मक्याचं तणनाशक भरलं आणि निघाला फवारत. ते औषध मक्याला काही करत न्हाई, बाकी रुंद पानाचं दिसेल ते जाळतं. उडदाचं पान रुंदच! वहिनी चहा घेऊन आली, बघितलं आणि ओरडली, तवर अर्धं रान झालेलं.

त्या अर्ध्यातला उडीद करपून गेला. मी चार शब्द सुनवायला निघालो तर बबननं बांधावरच अडवलं.

"आज काय बोलू नका, आण्णा. जन्मात पहिल्यांदा आपणहून पंप उचललाय त्यानं."

*

तेव्हापासून संतोष कामावर जायच्या आधी रानात. या अर्ध्यातला मका बघ, त्या अर्ध्यातला बघ, वाकून पानं चाचप.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोरगी बघायला गेलेला तेव्हा मान वर केली नव्हती यानं. आता बघा."

*

उडीद आधी निघाला, मका मागनं. दोन्ही अर्ध्यांची कणसं संतोषनं वेगळी टाकायला लावली. मी दोन्ही ढिगांभोवती फिरलो. खोटं कशाला बोलू, उडीद राहिला त्या अर्ध्यातला ढीग जरा बसकाच होता.

"मका कमी आलाय," मी म्हणालो.

"आण्णा, त्याच्या शेजारची पोती कुणाची हायत?" संतोष म्हणाला.

उडदाची होती. मी तंबाखू मळत बसलो.

*

रान मोकळं झालं तसा पार्किंगवाला टेप घेऊन हजर. बबन ढेकळं बघत उभा. संतोष शिफ्टवरनं तसाच आलेला, अंगात कंपनीचा शर्ट.

पार्किंगवाल्यानं त्यालाच विचारलं, "काय राव, गाड्या कुठल्या बाजूनं आत घ्यायच्या?"

संतोष म्हणाला, "तुमी आधी बांधावर व्हा. हरभरा पेरायला रान कुळवायचंय."