कॅम्पला न जाण्याचं सर्टिफिकेट

"मला ताप आहे असं सर्टिफिकेट द्या," झोया म्हणाली.

ताप नव्हता. वय नऊ, शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन. तीन आठवड्यांनी संघाचा दोन रात्रींचा कॅम्प होता, आणि झोया झोपेत गादी ओली करायची.

मी सदाशिव पेठेत लहान मुलांची डॉक्टर आहे. तिच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, कसब्यात भांड्यांचं दुकान. "रागावून पाहिलं. उपयोग नाही," ते म्हणाले.

"रागावून सर्दी थांबते का हो?"

लघवी तपासली. इन्फेक्शन नाही, साखर नाही. पोटही रोज साफ. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात आणखी कुणाला हा त्रास होता?"

सलीमभाई पंख्याकडे बघू लागले.

"सांगा की," त्यांची बायको शबाना म्हणाली.

"मला. बारा वर्षांचा होईपर्यंत."

"अब्बा, तुम्ही?" झोया इतकी हसली की स्टुलावरून घसरलीच. मग शबाना, मग मी. शेवटी सलीमभाईसुद्धा.

रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक हार्मोन सोडतो. काही मुलांत तो कमी पडतो. डेस्मोप्रेसिनची गोळी त्याचंच काम करते. अट मात्र कडक. गोळीच्या तासभर आधीपासून सकाळपर्यंत पाणी जवळपास बंद. नाहीतर पाणी अंगात साठतं, ते धोक्याचं. कॅम्पआधी घरी ट्रायल हवीच.

पहिला आठवडा कोरा गेला. म्हणजे गादी सोडून बाकी सगळं कोरं. मी डोस वाढवला.

चार दिवसांनी सकाळी मी भाजी घेत होते. फोन वाजला.

"डॉक्टर, कोरडी!" शबाना किंचाळली.

"कोरडी?" मीही किंचाळले. "अगदी कोरडी?"

"ओ ताई, आत्ताच पाणी मारलंय," भाजीवाली मेथीची जुडी माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली. मी आनंदात तीन जुड्या घेतल्या. घरी मेथी कुणी खात नाही.

झोया कॅम्पला गेली. तिथे गोळी शाळेच्या बाई द्यायच्या. दोन्ही रात्री कोरड्या. संघ सराव सामन्यात सपाटून हरला, पण ते माझ्या विषयाबाहेरचं.

पुढे काही महिन्यांनी गोळी हळूहळू बंद केली, तेव्हा दोनदा गादी भिजली. मग फोन यायचे थांबले. फोन थांबले की पेशंट बरा झाला असं समजावं. किंवा त्याने डॉक्टर बदलला.