शिवी कुणाची, बंदी कुणाला!

दोन हजार नऊच्या सुमारास, शिवीगाळ केल्याच्या आरोपावरून, आमच्या कशेळी गावावर परदेशातून बंदी आली.

(शेजारच्या काल्हेरवरही आली. पण त्यांचं त्यांनी लिहावं.)

त्याचं असं झालं. माझा थोरला भाऊ दिनेशदादा तेव्हा सिंगापूरच्या गोदीत वेल्डर होता. फोन महाग. आई फोनवर "जेवलास का? बरा हायस ना? ठेव, पैसं जातात!" एवढं एका दमात उरकायची आणि मग आठवडाभर "माझं बोलनंच नाय झालं" म्हणून हळहळायची. दादाने शक्कल लढवली. टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेमची दोन यंत्रं घेतली. एक स्वतःला ठेवलं, एक सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर आम्हाला धाडलं. दोघांनी इंटरनेटवरून एकच खेळ लावायचा, कानाला हेडफोन लावायचा, की हव्या तेवढ्या गप्पा फुकट!

इंटरनेट दिला बाळारामने. बाळाराम आमचा केबलवाला. त्याच्या वायरी माडावरून माडावर, माडावरून गच्चीवर अशा दोन्ही गावांत फिरलेल्या. पहिल्या रविवारी सगळं जोडून झालं, आई नवीन लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: तुमचं नॅट स्ट्रिक्ट आहे.

"कोन स्ट्रिक्ट?" बाबा ओरडले. (बाबा रागावले नव्हते. हयातभर लूमच्या खडखडाटात जॉबरचं काम केल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही तीन घरं पलीकडे ऐकू जायचं.)

बाळारामला बोलावलं. तो म्हणाला, "दिनेशचं मशीन तुमच्या घराचा पत्ता शोधतंय. पन बाहेरच्या जगाला तुमचा पत्ताच नाय! वरून मना एकच पत्ता मिलतो. तोच मी सगल्या गिऱ्हाइकांना वाटलाय."

"म्हणजे?"

"म्हंजे पाकिटावर नुस्तं ‘कशेळी’ लिवलंय. पोस्टमन कोनाच्या दारान जानार?"

"मग आता?"

"तो तुमच्याकडं येऊ शकत नाय. पन तुम्ही दोघं गेमच्या कंपनीच्या दारान जाऊन भेटू शकता. तिथं सगल्या जगाची जत्रा असते, त्यान घुसा."

म्हणजे दोघां भावांची खासगी शर्यत जमणार नव्हती. कंपनीच्या जाहीर शर्यतीत, दहा-बारा अनोळखी देशोदेशींच्या गाड्यांबरोबर पळायचं, आणि पळता पळता बोलायचं. बोलणं तेवढं आमचं आम्हालाच ऐकू यायचं. आम्ही घुसलो. खेळात माझं नाव मी ‘तुफान’ ठेवलं.

अडचण एकच होती. शर्यत संपली की बोलणं तुटायचं, आणि त्या दिवशी पुन्हा दोघांना एकाच शर्यतीत जागा मिळायची नाही! आणि शेवटची गाडी पोहोचल्याशिवाय शर्यत संपायची नाही. आईच्या हे दुसऱ्याच रविवारी लक्षात आलं. पदरावरून हेडफोन चढवून ती माझ्या शेजारी बसायची आणि एका हाताने माझा दंड दाबून धरायची.

"हलू चालव रं विल्या! पोचू नको! दिन्या, आयकतंस ना? आज जिताडा केलाय. तुझ्या वाटनीचा तुकरा तुझ्या बापानं खाल्ला."

"मी नाय खाल्ला!" बाबांचं हे सिंगापूरला हेडफोनशिवायही पोहोचलं असणार.

अशा रीतीने जगातली सगळ्यात वेगवान गाडी मी बैलगाडीच्या चालीने हाकायचो. दहा-बारा देशांचे खेळाडू पलीकडे पोहोचून ताटकळत बसायचे, आणि इकडे आई शेजारच्या सुनेचं बाळंतपण पहिल्या कळेपासून बारशापर्यंत सांगायची. मधेच दादाचा आवाज जड व्हायचा. मग आई त्याला हसवायला बाबांचं काहीतरी सांगायची. मी आणखी एक वळसा लांबवायचो. तसे रविवार पुन्हा आले नाहीत.

मात्र त्या जत्रेत एक खेळाडू माझ्या वाईटावर होता. नाव म्हणून नुसता एक लांबलचक आकडा. तो मुद्दाम उलटा फिरून यायचा आणि मला मागून ढोसायचा. एका रविवारी आईने विचारलं, "दिन्या, गनपतीला येतंस का नाय, खरं सांग!" दादा म्हणाला, "आई, ऐक, मी..." आणि धाडकन आकडेवाल्याने मला अंतिम रेषेपार ढकललं! शर्यत खलास. बोलणं बंद.

"काय बोलला तो?" आई किंचाळली. "येतो का नाय?"

कुणालाच कळलं नाही, आणि एवढ्यासाठी फोनला पैसे घालायला आई तयार नव्हती. पडद्यावर आकडेवाल्याचा इंग्रजी अक्षरांतला निरोप तेवढा झळकत होता. मी वाचला: ‘निवत्य तुजा चिकल सुको’. पुढे अकरा उद्गारचिन्हं.

जपानी! मी ताबडतोब ओळखलं. शेवटचा ‘सुको’ तर शंभर टक्के जपानी. आणि अकरा उद्गारचिन्हं लावून कुणी कुणाला आशीर्वाद देत नाही, एवढं मलाही कळत होतं.

मी पेटलो. मानकोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून होतो, अडकलेल्या ट्रकांची पत्रं लिहून इंग्रजी तासलेलं होतं. कंपनीला दोन पानी तक्रार ठोकली. विषय: जपानी इसमाकडून होणारा छळ. शिवी जशीच्या तशी उतरवली.

आठवड्याच्या आत उत्तर! ‘आपल्या तक्रारीत तथ्य आढळले. निरोप ज्या पत्त्यावरून आला, त्या पत्त्यावर बंदी घालण्यात आली आहे.’ मी घरात कुणाला काही बोललो नाही. मनातल्या मनात टोकियोवर विजय मिळवून झोपलो.

रविवारी यंत्र लावलं. पडद्यावर पाटी: ‘शिवीगाळीमुळे या पत्त्यावरून प्रवेश बंद.’

या पत्त्यावरून! बाळारामच्या दुकानात गेलो, तर कशेळी-काल्हेरमधली गेमवाली सगळी मंडळी तिथे जमलेली, आणि बाळाराम फोनवर आपल्या वरच्या साहेबाला पटवत होता, "भाईजान, अपने पत्ते पे बंदी आयेली है! नहीं नहीं, मकान का पत्ता नहीं, इंटरनेट का पत्ता! अरे, गाली एक ने दी होयेंगी, मेरा पूरा गाँव कायको सूली पे?"

फोन ठेवून तो आमच्याकडे वळला. "आपल्यातल्याच कोनीतरी शिवी घातलीय. आन कोनीतरी नालायकानं तिची तक्रार केलीय!"

"नालायकच!" मी सगळ्यात मोठ्याने म्हणालो.

घरी येऊन पाहतो तर आई हेडफोन चढवून बंद टीव्हीसमोर बसलेली. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. "लागंल का रं आता?" तिने विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन पेले पाणी प्यायलो.

शेवटी बाबांना बाजूला घेतलं. (तक्रार कुणी केली ते सोडून) सगळं सांगितलं. आई आत भाकऱ्या थापत होती, म्हणून ती शिवी मी अगदी त्यांच्या कानात सांगितली, "बाबा, हळू हं! निवत्य... तुजा... चिकल... सुको."

"निवट्या, तुजा चिखल सुको?" बाबा त्यांच्या हळू आवाजात म्हणाले. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली.

आई पिठाच्या हातांनी धावत आली. "अण्णांची शिवी तुमाना कोनी शिकवली?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. ही शिवी माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, स्वतः तयार केली होती. ती त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. आणि त्या घरात, काल्हेरला, आता एकच पुरुष उरला होता: आईचा धाकटा भाऊ, हरीमामा!

हरीमामा! ज्यांनी आयुष्यात कुणाला ‘गाढव’ म्हटलं नव्हतं! दोन्ही गावांत भांडण झालं की मिटवायला त्यांनाच बोलवायचे. आम्ही रिक्षाने पोहोचलो, तेव्हाही ओटीवर दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले होते आणि मामा मऊ आवाजात सांगत होते, "गोडीनं बोला. तोंडान साखर ठेवा."

आई दारातूनच म्हणाली, "हरी, निवट्या कोनाला बोललास रं?"

मामांचा चेहरा पडला. भांडणारे भाऊ लगबगीने समेट करून निघून गेले. आत टीव्हीखाली आमच्यासारखंच यंत्र होतं. ("नातवासाठी घेतलंय," मामा म्हणाले. नातू दीड वर्षांचा.)

"ताई, काय सांगू," ते खाली मान घालून म्हणाले. "घरान आवाज चढवायचा नाय. गावान तं नायच नाय. सगले बोलतात, हरीशेठ शांत मानूस! तिकरं गेमान मना कोन वलखतंय? आन तो एक गरी हाय, तुफान नावाचा. ताई, तो गारी चालवत नाय गं, म्हस चरायला नेतो! किती वेल बघत बसायचं? निघाली तोंडातून!"

आई आधी गंभीर राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग पदर तोंडात कोंबून ती ओटीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अण्णाच बोलल्यासारं वाटलं रं," ती म्हणाली. मामाही हसले. मी सोडून सगळे हसले.

"आता माफीचं पत्र लिव," आईने मला फर्मावलं. मामांच्याच कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाने मी कळकळीची माफी लिहिली. हा आमचा सामाईक पत्ता आहे, एकाच्या तोंडाची शिक्षा दोन गावांना नको, वगैरे. उठणार, तेवढ्यात मामांनी खांद्यावर हात ठेवला.

"बस. आता दुसरं लिव. त्या तुफानची तक्रार."

"कशाला, मामा? गोडीनं..."

"न्याय म्हंजे दोन्ही बाजूंनी! मी चुकलो, माफी मागितली. त्यानं मुद्दाम लोकांना खोलंबून ठेवलं, त्याचं काय?"

"लिव रं," आईही म्हणाली. "त्याच्यापायीच माझ्या भावाचं तोंड विटाललं."

काय करणार! खरं सांगितलं असतं तर नालायक मीच ठरत होतो. लिहिलं. मामांनी ‘तुफान’चं स्पेलिंग पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर तपासलं. आरोपीच्या चाली मला आतून माहीत असल्यामुळे मजकूर फारच भरीव झाला.

बंदी उठली. पुढच्या रविवारी मी हात दुखतो म्हणालो, म्हणून मामा आमच्याकडे येऊन त्यांच्या नावाने शर्यतीत उतरले. आईने हेडफोन चढवला, मामांचा दंड धरला आणि म्हणाली, "हलू चालव!" दादा त्या दिवशी पहिलंच वाक्य बोलला, "आई, मी गणपतीला येतोय!" आई रडली, मामा रडले, बाबा ‘पोरगा येतोय’ एवढ्या हळूच म्हणाले की अर्ध्या गावाला बातमी कळली.

मी मागे उभा राहून सगळ्यांना चहा देत होतो. सकाळीच मला कंपनीची दोन पत्रं आली होती. एक माझ्या नावावर, तुफानला आजन्म हद्दपार केल्याचं. दुसरं मामांच्या वतीने मी दिलेल्या पत्त्यावर, आभाराचं. तक्रार इतकी मुद्देसूद होती, असं त्यात लिहिलं होतं, की आरोपीला त्याची बाजू विचारण्याची आम्हाला गरजच भासली नाही!