ट्यूबशिवाय

पंक्चरच्या दुकानासमोरून जाताना रबराचा वास आला, की मला डोंगरकडा या माझ्या माहेरच्या गावची, भावाच्या शेतातली विहीर आठवते. दरवर्षी उन्हाळा संपता संपता, शाळा उघडायच्या आधी आम्ही नवरा-बायको, लेक आणि धाकटा मुलगा असे चौघं तिथं जायचो, आणि नवरा लेकीला ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहायला शिकवायचा. त्या वर्षी होळीनंतर तो अपघातात गेला. तरी लेकरांसाठी म्हणून मी गेले. केळीच्या बागेतून गरम वारा येत होता, दगडी पायऱ्या तळपायाला पोळत होत्या. लेकीनं ट्यूब बाजूला सारली आणि उडी मारली. भाऊ पाण्यात तिच्याजवळच होता. हातपाय मारत ती पलीकडच्या भिंतीला टेकली आणि ओरडली, "आई, बघ, मी एकटी पोहून राहिले!" भावाचे डोळे भरले. वहिनीनं मला हळूच विचारलं, "ताई, तुमी काहून अशा गप्प बसून राहिल्या?" तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. लेक वर आल्यावर टॉवेल पुढं केला आणि म्हणाले, "डोकं पूस, सर्दी होईल." आत काहीच हललं नाही. लेक आता नोकरीला लागलीय. त्या दिवशी आई किती खूश झाली होती, हे ती सगळ्यांना सांगते. मी मान हलवते.