दोन आंबेवाड्या

श्रीपती ओव्हाळ मावळच्या तालुका कचेरीत हंगामी कारकून होता. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा तो शाळेत होता. आता, अडुसष्टात, खुर्चीवर बसून पगार घेणारा वस्तीतला तो पहिलाच.

फेब्रुवारीत अव्वल कारकुनांनी त्याच्यापुढे दोन याद्या टाकल्या. एक वीज मंडळाची, गावोगावच्या जोडण्यांची. दुसरी पुरवठा शाखेची, रॉकेलच्या कार्डांची. वीज आलेल्या गावाचं रॉकेल निम्म्यावर आणायचं होतं. मंडळ खांबांचे नंबर धरून चाले, पुरवठा शाखा दुकानांचे. दोन्हींत सारखं असं एकच, गावाचं नाव. ते जुळलं की कार्डांपुढं खूण करायची.

तीन दिवस काम सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी ‘आंबेवाडी’ आली आणि श्रीपतीची पेन्सिल थांबली.

“साहेब, आंबेवाड्या दोन आहेत. रस्त्यावरच्या वाडीत वीज आलीय, पण तिची कार्डं कामशेतच्या नावावर धरलीत. ही कार्डं डोंगरातल्या वाडीची. तिथं खांबच नाही.”

“नाव जुळलं ना? मग कर खूण. सोमवारी यादी पुण्याला जायचीय.”

“नुसतं नावच जुळलंय.”

“तुझी नेमणूक हंगामी आहे, ओव्हाळ.”

“ठाऊक आहे. पण खूण मी करणार नाही.”

रविवारी तो कामशेतला उतरून डोंगर चढला. मंडळाच्या यादीतली अठरा ग्राहकांची नावं त्यानं सोबत उतरवून आणली होती. वाडीतल्या सावित्राबाईच्या अंगणात ती एकेक वाचली. एकही नाव वाडीतलं निघालं नाही.

“यादीत भातगिरणीची मोटर आहे. वाडीत गिरणी आहे का, मावशी?”

“हितं? आमी उखळात कांडतो, बाबा. आन् रॉकेल तोडलं तर बाळंतिणीपाशी काजवं लावायचं व्हय?”

“मी लिहून देतो. पण माझ्या एकट्याच्या लिहिण्यानं भागेल असं वाटत नाही.”

“मग आमी येतो की. भ्यायचं काय त्यात?”

सोमवारी वाडीतल्या अकरा बाया कचेरीच्या ओसरीत येऊन उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, काही नाही, नुसत्या उभ्या. मामलेदार बाहेर आले. “ह्या ओव्हाळानं आणल्यात,” अव्वल कारकून म्हणाले.

“न्हाई, कुणी बोलावलं न्हाई, आमीच आलो,” सावित्राबाई म्हणाली. “साहेब, तुमीच चला वर. खांब दिसला तर त्यालाच बांधा मला.”

श्रीपतीनं वीजग्राहकांची आणि कार्डधारकांची नावं शेजारी शेजारी मांडलेला कागद पुढं केला. मामलेदारांनी तो उभ्यानंच वाचला. मग डोंगरातल्या आंबेवाडीचं रॉकेल होतं तेवढंच ठेवलं, आणि दोन्ही याद्यांत प्रत्येक गावापुढं महसुली नंबर घालायचा हुकूम दिला.

मार्चअखेर श्रीपतीची नेमणूक संपली. ती पुढं वाढली नाही.

“गप्प बसला असता तर?” बायकोनं, शालननं विचारलं.

“तर तिथं बसून उपयोग काय होता?”

पावसाळ्याआधी त्यानं लोणावळ्याला रेल्वेच्या गोदामात अर्ज केला. आधीची नोकरी सुटण्याचं कारण विचारलं होतं. शालन म्हणाली, मुदत संपली असं लिहा, खोटं नाही ते. त्यानं लिहिलं, ‘चुकीच्या यादीला होकार दिला नाही.’

गोदामबाबूनं ते दोनदा वाचलं. “इथंही असंच करणार?”

“यादी चुकीची असली तर, होय.”

“माल मोजायला असाच माणूस लागतो,” बाबू म्हणाला, आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं.