बझर वाजला नव्हता

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एकदा एका जुन्या मित्राला सांगायला सुरुवात केली होती, पण दुसऱ्याच वाक्याला मी विषय गाडीच्या सर्व्हिसिंगवर नेला. विषय बदलणं मला छान जमतं. तेव्हा तुम्हीही जरा सावध राहा — आताही मी आडवळणानेच येणार आहे.

भोसरीत माझा गाळा आहे. आधी आम्ही गाड्यांच्या कंपन्यांना पत्र्याचे ब्रॅकेट करून द्यायचो. मग डोक्यात बेबी वॉर्मरचं खूळ शिरलं. वॉर्मर म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या, अशक्त बाळाला ऊब देणारा पलंग — वर हीटर, खाली गादी, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा एक छोटा सेन्सर. परदेशी वॉर्मर लहान हॉस्पिटलांच्या आवाक्याबाहेरचे. मी म्हटलं, आपण करू स्वस्तात. आणि केले, राव. आज माझे वॉर्मर नेपाळात जातात, आफ्रिकेतही जातात. सत्कार होतात, शाली मिळतात. गरिबांच्या बाळांचा वाली वगैरे म्हणतात लोक स्टेजवरून, आणि मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

सेन्सरचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. बाळ हललं, घाम आला, की तो पोटावरून सुटतो. सुटला की त्याला बाहेरची हवा लागते, आणि मशीनला वाटतं बाळ गार पडलं. मग हीटर तापतच जातो. अशा वेळी बझर वाजायला हवा. हीटर आपोआप बंद होण्याची सोय मी नंतरच्या मॉडेलमध्ये दिली. पहिल्या मॉडेलची सगळी भिस्त त्या बझरवर होती.

आता गाळ्यातली गोष्ट. टेस्टिंगला वॉर्मर दिवस दिवस चालू ठेवायचो. पलंगावर बाळ नाही, म्हणून बझर सारखा बोंबलायचा. शेजारच्या गाळ्यातले शिव्या घालायचे, आमचंही डोकं उठायचं. म्हणून मी पाठचं झाकण उघडून बझरच्या तोंडावर वायरिंगची काळी टेप लावायचो. लेथवर, प्रेसवर, कुठेही विचारा — आवाज करणाऱ्या वस्तूचं तोंड असंच बंद करतात या पट्ट्यात. माल पाठवताना टेप काढायची. ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे. महत्त्वाचं काम होतं ना!

एका वॉर्मरची टेप राहिली. टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता — पण हे कशाला सांगतोय मी? राहिली. मी विसरलो.

तो वॉर्मर चाकणकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात गेला. तिथे एक सिस्टर होती, सुनंदा. परभणीकडची, नवऱ्यामागे इकडे आलेली, कंत्राटावर लागलेली. वॉर्मर कसा वापरायचा ते मीच तिला शिकवलं होतं. बझर वाजला की धावत यायचं, तोवर दुसरं काम करायला हरकत नाही — हे माझे शब्द. एका दुपारी शेजारच्या खोलीत बाळंतपण चालू होतं. ती तिथे होती, वॉर्मरवर एक मुलगी होती, आणि सेन्सर सुटला.

मुलगी वाचली. पण पोट, मांड्या भाजल्या होत्या. मी पोचलो तेव्हा तिची आजी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसली होती, आणि आत ते बाळ रडत होतं. तसं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मशीन बघा. मी बाजूच्या खोलीत एकट्याने झाकण उघडलं. टेप तिथेच होती. मी ती काढली — नखाने, अगदी सावकाश — आणि खिशात घातली. मग सगळ्यांना बोलावून बटण दाबलं. बझर असा वाजला की आजीसुद्धा दचकून उठली.

सुनंदा दारात उभी होती. म्हणाली, "सर, तवा नव्हता वाजला वो. शपथ घेते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मशीन तर ओके आहे."

एवढंच बोललो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, नाही का? त्या क्षणी मशीन ओकेच होतं. दुसऱ्या दिवसापासून सुनंदाला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढे मी काय केलं असेल? फुकट सर्व्हिसिंगच्या नावाखाली सगळ्या हॉस्पिटलांत जाऊन प्रत्येक वॉर्मर उघडून पाहिला. कुठेच टेप नव्हती. लोक म्हणाले, सर्व्हिस द्यावी तर यांनी. त्यावर ऑर्डरी वाढल्या. माझं नाव झालं ते तिथून.

इथवरच असतं तर कदाचित मी आजही गप्प राहिलो असतो. भित्रा होतो, घाबरलो, असं म्हणून स्वतःची समजूत घालता येते. पण काही वर्षांनी महाळुंग्याला एका कंपनीत वॉर्मरच्या पत्र्याच्या कामासाठी गेलो होतो. शिफ्ट सुटली होती. गेटबाहेर कुणीतरी "सर" म्हणून हाक मारली. कंपनीच्या निळ्या कोटात सुनंदा होती. पॅकिंगला लागली होती. कुठल्याच हॉस्पिटलने पुन्हा घेतलं नाही, म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही — विचारलंत म्हणून सांगते, अशा सुरात.

मग ती म्हणाली, "सर, तो वाजला असंल वो. माझंच ध्यान नसंल. लई दिस मी म्हणत राहिले नाही वाजला, नाही वाजला. आता तर मला आठवतंय बी, बारीक वाजल्यासारखं. त्या लेकराचं मीच वाटोळं केलं."

सांगायला हवं होतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, पोलीस नव्हते, डॉक्टर नव्हते. ती होती आणि मी होतो. आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या, सिस्टर. माणसाकडून होते चूक." आवाज मऊ केला होता मी, वडीलधाऱ्यासारखा. मी तिला माफ केलं हो!

तिचे डोळे भरून आले. कंपनीची बस लागली होती, बायका तिला हाका मारत होत्या. जाता जाता तिने हात जोडले. म्हणाली, "त्या दिशी समदे माझ्यावर ओरडले, सर. तुमी एकटेच मला काय बोलला नाहीत. तुमचे उपकार हायेत."

मीही हात जोडले आणि ते उपकार ठेवून घेतले.