पेस्याच्या आमंत्रणपत्रिका

पेस्या कुणाचं वाईट चिंतत नाही, असं आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात. त्यांना काय माहीत. पेस्या एकाच माणसाचं वाईट चिंतते, आणि ते इतकं मन लावून चिंतते की बाकीच्यांसाठी तिच्याकडे काही उरतच नाही. मी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर. मला हे बोलायचा हक्क आहे.

तिचं काम कागदाचं. कागद मधोमध दुमडायचा, मागून पेन्सिलीनं अर्धंच चित्र काढायचं, लाकडाच्या फळीवर ताणून बसवायचा आणि चाकूनं कापत जायचं. घडी उघडली की अर्ध्याचं पूर्ण होतं. नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं, सुक्कोतच्या सणाला घातलेल्या मांडवात टांगायच्या साखळ्या, तोरा या धर्मग्रंथाच्या सणाला पोरं नाचवतात ते झेंडे, त्यांना उघडझाप करणारी इवलीशी दारं. सगळं चाकूनं. कात्री वापरणाऱ्याला ती कारागीर म्हणत नाही, शिंपी म्हणते.

हे तिला शिकवलं तिच्या बाबांनी. अनशेलकाकांचे सिंह सगळ्या यरुशलेममध्ये माहीत होते. समोरासमोर उभे दोन सिंह, आणि त्यांच्या शेपट्या वर चढत चढत द्राक्षाच्या वेली होतात. कुणाचं बघून केलेले नव्हते. कितीतरी कागद वाया घालवून, काकूंची बोलणी खाऊन त्यांनी ते बसवले होते. त्यांच्याकडे गेत्सल नावाचा मुलगा शिकायला होता. त्याच घरात जेवायचा. काकू भट्टीत भाजलेल्या कुगेलचा कडेचा कुरकुरीत तुकडा त्याच्या ताटात वाढायच्या, आणि आम्ही दोघी पोरी त्याच्याकडे खाऊ की गिळू नजरेनं बघायचो. तेव्हापासून मला तो आवडत नाही, हे कबूल.

शिकून झाल्यावर गेत्सलनं समोरच्याच बाजूला छापखाना टाकला. पुढच्या नव्या वर्षाला त्याच्या दुकानात सिंह आले. तेच सिंह, त्याच वेली, लाल आणि सोनेरी शाईत छापलेले, गठ्ठ्यानं. खाली बारीक अक्षरात त्याचं नाव. अनशेलकाकांची हातानं कापलेली पत्रं बाजारात पोचली तेव्हा घरोघर छापील सिंह जाऊन बसले होते. सिनेगॉगच्या अंगणात कुणीतरी गेत्सलला विचारलं, हे कुणाचं बघून कोण करतंय? तो म्हणाला, "जाऊ द्या हो. म्हातारा माणूस, नजर अधू झाली. माझं बघून कापतो बिचारा. त्याचं पोट आहे."

बिचारा म्हणाला. सरळ शिवी दिली असती तर काका भांडले असते. पण दया दाखवल्यावर माणूस काय भांडणार? त्यांनी मान खाली घातली, लोकांना वाटलं चोर सापडला. त्यानंतर काकांनी चाकू हातात घेतला नाही. वसंतातल्या पेसाहच्या सणाआधीच गेले.

इथवर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पुढचं आता फक्त आम्हा दोघींना.

माझी आई सोयरिकी जुळवायची. त्या हिवाळ्यात तिनं पेस्यासाठी सफेद गावचा एक मुलगा आणला होता, यरहमिएल नावाचा, पुस्तकबांधणी करणारा. आमच्यात ताटली फोडून सोयरीक जाहीर होईपर्यंत शेजाऱ्यालाही पत्ता लागू देत नाहीत, म्हणून भेटी आमच्या घरी व्हायच्या. मी दाराआड. दुसऱ्या भेटीला पेस्यानं कापलेला एक कागद टेबलावर होता. त्यानं हात पुढे केला तर ही म्हणाली, "आधी हात पुसा." त्यानं रुमाल काढून एकेक बोट पुसलं आणि मग कागद उचलला, उजेडाला धरला, कितीतरी वेळ बघत राहिला. तो गेल्यावर पेस्या मला म्हणाली, "बोटं पुसली गं त्यानं." एवढंच. पण तिचा चेहरा मी पाहिला होता. महिन्याभरात अंगणातली ती गोष्ट सफेदला पोचली. त्याच्या घरच्यांचा निरोप आला की चोरीचा बोभाटा झालेल्या घरची मुलगी नको. आईनं तो निरोप कुणापुढे उच्चारला नाही, आणि पेस्यानंही नाही. दुसरं स्थळ तिनं पाहिलं नाही. आईनं खूप डोकं फोडलं, हिनं ऐकलं नाही.

मग पेस्या सूड घ्यायला लागली. पुरीमच्या सणाला लहान मुलं दुष्ट हामानचे मुखवटे घालतात. पेस्याच्या हामानला गेत्सलचं नाक असायचं, गेत्सलच्या जुळलेल्या भुवया आणि डाव्या गालावर गेत्सलची चामखीळ. गल्लीतली पोरं ते घालून आरडाओरडा करत पळायची आणि मोठी माणसं दाढीत हसायची. एका वर्षी गेत्सल स्वतः येऊन नातवासाठी एक घेऊन गेला. म्हणाला, "नाक छान जमलंय, पेस्या." त्या दिवशी ती जेवली नाही.

असा तो माणूस. गलेलठ्ठ झाला, पोरी श्रीमंत घरांत दिल्या, सिनेगॉगमध्ये पुढच्या बाकावर बसायला लागला. वाईट झालं नाही त्याचं काहीच. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याची छाती दुखली. डॉक्टरांनी चिरून शिवला. आणि आमचं नवं वर्ष आणि त्यापाठोपाठचा क्षमेचा दिवस, योम किपूर, जवळ आला तसा तो पेस्याच्या दारात उभा. मी आत भोपळा चिरत बसले होते.

"पेस्या, तुझ्या बाबांच्या बाबतीत माझ्याकडून जरा झालं," तो म्हणाला. "मनात ठेवू नकोस. माफ कर."

"माझ्याकडे काय मागतोस? माझं थोडंच आहे ते?" ती चाकू पुसत म्हणाली. "ज्याचं आहे त्याच्याकडे जा. टेकडीवर झोपलेत. रीत तुला माहीत आहे."

रीत सगळ्यांनाच माहीत आहे. माणसाविरुद्ध केलेला अपराध देव माफ करत नाही, ते ज्याच्याविरुद्ध केला त्या माणसानंच करायचं. तो मेला असेल तर दहा जण घेऊन कबरीवर जायचं आणि काय केलं ते तोंडानं सांगायचं. मोघम चालत नाही. गेत्सलचा चेहरा पडला. "बघतो," म्हणाला आणि गेला.

"नाही जायचा," मी म्हटलं.

"जाईल. छाती फाडून घेतलीय. घाबरलाय," पेस्या म्हणाली. "फक्त कसा जातो ते बघायचं."

तिचं बरोबर होतं. सिनेगॉगचा सेवेकरी पोटात काही ठेवू शकत नाही. त्यानंच सांगितलं की गेत्सलनं बने ब्राकहून दहा विद्यार्थी ठरवलेत, योम किपूरच्या आदल्या सकाळी गाडीतून आणायचे, कबरीवर न्यायचे, जेवण घालून परत पाठवायचे. परक्या गावची पोरं. ती त्याला ओळखत नाहीत, काकांना ओळखत नाहीत, अर्धी तर पेंगत असतील. त्यांच्यापुढे पुटपुटायचं आणि धुतल्यासारखं होऊन यायचं.

पेस्या ऐकून हसली. तिला असं हसताना मी लग्नाच्या वयात पाहिलं होतं. तिनं दार लावून घेतलं आणि नव्या वर्षाच्या ऐन गर्दीत सगळी कामं बाजूला सारली. बाबा गेल्यापासून तिनं सिंह कापले नव्हते. आता कापले. ज्याच्या त्याच्या नावाची पत्रिका, वर सिंह, वेलींच्या मधे मजकूर: 'रेब अनशेल यांची क्षमा मागण्याचा कार्यक्रम श्री. गेत्सल यांनी योजला आहे. तरी या मंगल प्रसंगी आपण सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' वाटायला मी गेले. फळवाला, खाटीक, दोन्ही रब्बी, गेत्सलच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी जे जिवंत होते ते सगळे, आणि त्याचे तिन्ही व्याही. व्याह्यांच्या पत्रिकांना पेस्यानं सोनेरी कागद लावला होता.

"गेत्सलला बोलवायचं राहिलं," मी म्हटलं.

"त्याला येणं भागच आहे," ती म्हणाली.

त्या सकाळी टेकडीवर लग्नाला जमावी तशी माणसं जमली. बायका मधाच्या केकच्या पिशव्या हातात घेऊन आलेल्या. गेत्सलची गाडी आली, पोरं उतरली, मग तो उतरला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळा बाजार. एक पाय त्यानं परत गाडीत टाकला होता. तेवढ्यात थोरला व्याही पत्रिका हलवत म्हणाला, "या या, तुमचीच वाट बघतोय."

तो कबरीपाशी उभा राहिला. घाम पुसला. "मी या माणसाचं मन दुखावलं," म्हणाला.

"काय करून?" पेस्या म्हणाली.

त्यानं रब्बींकडे पाहिलं. रब्बी म्हणाले, "सांगावं लागतं, गेत्सल."

"त्यांचं चित्र घेतलं."

"घेतलं म्हणजे? मागून घेतलं का विकत घेतलं?" पेस्या म्हणाली.

"चोरलं," तो म्हणाला. मग एकदम बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. सिंह त्यांचे, वेली त्यांच्या, मी त्यांच्या घरात जेवलो, त्यांची फळी उघडी दिसली तशी नक्कल उतरवली, आणि अंगणात खोटं बोललो. म्हातारा माझं बघून कापतो म्हणालो. चोर मी होतो. फळवाल्यानं टोपी सारखी केली. त्या काळी काकांना आंधळा सिंह म्हणून चिडवणारा तोच होता. आता त्याची मान खाली गेली होती, आणि मी ती मनसोक्त बघून घेतली.

सूड घेऊन काही मिळत नाही असं सांगणारे लोक मला भेटतात. त्यांनी तो कधी घेतलेला नसतो. मला त्या सकाळी इतकं बरं वाटलं की पाय दुखायचे थांबले. पेस्याचे गाल लाल झाले होते. काकांचं नाव सगळ्या बाजारासमोर स्वच्छ झालं होतं.

मग रिवाजाप्रमाणे लोक तीनदा म्हणाले, माफ आहे, माफ आहे, माफ आहे. आणि इथे जरा विचित्र झालं. गेत्सल रडायला लागला, तशी माणसंही डोळे पुसायला लागली. व्याह्यानं त्याला मिठी मारली. रब्बी म्हणाले, एवढ्या लोकांत उभं राहून बोलायला छाती लागते. बायका म्हणाल्या, कसा देवमाणूस. पेस्यानं कापलेल्या त्या पत्रिका लोक जपून खिशात ठेवत होते, आठवण म्हणून. पेस्याचे गाल पांढरे पडले.

गेत्सल वाट काढत तिच्यासमोर आला. हलका झाला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होता. "पेस्या, आता तूही म्हण," तो म्हणाला.

"बाबांचं झालं," पेस्या म्हणाली. "माझं राहिलं."

"तुझं?" त्यानं डोळे मोठे केले. "तुझं मी काय केलं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. कसं असणार? ताटली फुटली नव्हती. पण चेहरा अगदी कोरा. तिनं एवढी वर्षं ज्याच्यासाठी याला मनात चिरला, ते याच्या गावीही नव्हतं. पेस्या त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता सांगेल, सगळे आहेत, सांगून टाकेल. ती म्हणाली, "तू आठव," आणि टेकडी उतरायला लागली.

दुपारी तो तिच्या दारावर आला. आम्ही उपासाआधीचं जेवत होतो. "पेस्या, काय ते सांग. नाव घेतल्याशिवाय मागता येत नाही, तूच म्हणालीस. सांग म्हणजे मागतो. सगळ्या गावासमोर मागतो."

तिनं सूपचा चमचा तोंडात घातला. दार उघडलं नाही. तो परत आला, ऊन कलताना परत आला. दार उघडलं तर हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तीनदा नाही म्हटलं तरी मागणारा पापातून सुटतो. पेस्यानं नाही म्हटलंच नाही. शेवटी तो माझ्या दारात आला, पांढरा झगा घालून, सिनेगॉगला निघालेला.

"हिंदा, तुला माहीत असेल."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग सांग की. माझी छाती शिवलेली आहे, पुढचं वर्ष बघेन की नाही कोण जाणे."

"म्हणून तर घाई कर," मी म्हटलं. "आठव."

आम्ही वर बायकांच्या जाळी लावलेल्या सज्जात जाऊन बसलो. खाली कबुलीची प्रार्थना सुरू झाली. त्यात एकामागून एक पापांची नावं येतात आणि प्रत्येक नावाला छातीवर मूठ मारायची असते. लोक आपले सवयीनं हळू मारतात. गेत्सल प्रत्येक पापाला दणका देत होता, शिवलेल्या छातीवर, एकही न गाळता, कारण त्यातलं कुठलं आमचं ते त्याला कळत नव्हतं. प्रत्येक दणक्यानंतर तो मान वर करून जाळीकडे बघायचा.

जाळीला सगळ्या बायका चिकटल्या होत्या. कुणी मुलाला शोधत होती, कुणी नवऱ्याला, कुणी पहिल्यांदा उपास धरलेल्या नातवाला, आणि एकमेकींना बोट करून दाखवत होत्या. पेस्याही जाळीला नाक लावून बघत होती. तिला खाली बघायला गेत्सलशिवाय कुणी नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगून टाक गं," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"सांगितलं तर तो मागेल," पेस्या म्हणाली. "मागितल्यावर द्यावं लागेल. मग पुढच्या वर्षी मी इथे बसून कुणाकडे बघू?"