आवाज गेलेला व्हिडिओ

“नाना, आवाज वाढवा की, आम्हालाबी ऐकू द्या!” मेहरूण तलावाशी फिरायला आलेलं कुणीतरी जाता जाता म्हणालं. नाना नुसते हसले.

मी शेजारच्या बाकावरून त्यांना रोज पाहायचे. ते धुळ्याकडचे, मुलाकडे राहायला आलेले, एवढंच ठाऊक होतं. मोबाइलवर ते एकच व्हिडिओ लावायचे. त्यात एक बाई भाकरी थापत गात होती, पण आवाज नव्हता. तिच्या ओठांबरोबर नानांचे ओठ हलायचे. व्हिडिओ संपत आला की ते मोबाइल कानाला लावून बघायचे.

त्या दिवशी त्यांनी व्हिडिओखालचा इंग्रजी मजकूर माझ्यापुढे धरला. “बेटा, जुना मोबाइल बिघडी गया, आते नेटवरना हाऊ एकच व्हिडिओ उरेल शे. आवाज परत येई, असं काही लिखेल शे का?”

मी वाचलं. बाईच्या मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं चालू होतं. त्याचे हक्क असलेल्या कंपनीने तक्रार केली, म्हणून साइटने आवाज काढून टाकला होता. मी मोडक्यातोडक्या मराठीत तेवढं सांगितलं आणि नकारार्थी मान हलवली.

“गाणं त्यासनं शे, खरं,” नाना म्हणाले. “पण आवाज तर मन्ही बायकोना व्हता ना?”

कंपनीचं कायद्याने काही चुकलं नव्हतं. इंग्रजीत मी ते नीट समजावलं असतं. पण सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, मराठीत मला नेहमीसारखेच शब्द सापडेनात. नानांनी पुन्हा व्हिडिओ लावला आणि त्यांचे ओठ हलू लागले.

“नाना,” मी म्हणाले, “त्या कशा गायच्या, म्हणून दाखवा ना.”